दोसिंदाची ओळ

ओरेन्सेची माणसं पेपर शेवटाकडून वाचतात. आधी गावात कोण गेलं ते बघायचं, मग जगात काय चाललंय ते. बाल्बिना रेगेइरोला माद्रिदला येऊन पंचेचाळीस वर्षं उलटली, तिची पुस्तकं अठरा भाषांत गेली, गावच्या नगरपालिकेने तिच्या जन्मघराच्या भिंतीवर पितळी पाटी ठोकली, पण ही सवय काही सुटली नाही. आता कागद उरला नव्हता. भाचीने टॅबलेटवर गावचा पेपर लावून दिला होता, आणि रोज सकाळी नऊला, कॉफीत बुडवायचा पावाचा तुकडा एका हातात धरून, बाल्बिना दुसऱ्या हाताच्या बोटाने मेलेली माणसं पुढे सरकवायची. काळी चौकट, वर क्रूस, मोठ्या अक्षरात नाव, नावाखाली टोपणनाव, कारण त्याशिवाय गावात कुणी कुणाला ओळखत नाही. मग मागे राहिलेल्यांची यादी, आणि शेवटी दफन किती वाजता आणि कुठल्या चर्चमधून. त्या दिवशी, नोव्हेंबरातल्या एका करड्या सकाळी, तिचं बोट तिसऱ्या चौकटीवर थांबलं. एलादिओ कास्त्रेलो, छत्रीवाला, वय चौऱ्याऐंशी. मुलगी मारुशा. जावई, नातवंडं. आणि त्याखाली एका ओळीवर एकटीच: बहीण दोसिंदा, कंसात 'गैरहजर'. पावाचा तुकडा भिजून कधी कॉफीत पडला ते तिला कळलं नाही. ती त्या ओळीकडे बघत राहिली. दोसिंदा जिवंत होती. आणि त्रेपन्न वर्षांनी कुणीतरी ती ओळ जिथल्या तिथे छापली होती.

गैरहजर हा शब्द त्या पानावर फार जुना आहे. बाल्बिना लहान असताना निम्मं गाव क्युबाला नाहीतर अर्जेंटिनाला असे, नंतर जर्मनीला आणि स्वित्झर्लंडला. बाप मेला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला पुरायचं, आणि तेवढ्यात मुलगा काही फ्रँकफुर्टहून पोचायचा नाही. म्हणून त्याच्या नावापुढे कंसात गैरहजर. वाचणाऱ्याला कळायचं की मूल आहे, ते आपलंच आहे, फक्त लांब आहे. आणि ज्याचं नाव चौकटीत नसेल त्याचं काय, हेही कळायचं. ते सांगायला लागत नसे. घरात फूट पडली, बापाने पोराचं नाव टाकलं, असं त्या मोकळ्या जागेत सगळे वाचायचे, आणि दुपारपर्यंत बाजारात त्याची कारणंही ठरलेली असायची. बाल्बिनाला हे चांगलं माहीत होतं. इथेच तर सगळं अडत होतं. त्रेपन्न वर्षांपूर्वी ती बावीस वर्षांची असली म्हणून काय झालं, तिला ते माहीत होतं.

तिने बॅग भरली नाही. काळा कोट घातला, पर्स घेतली, टॅक्सी केली आणि चामार्तिन स्टेशनवर जाऊन गाडीत बसली. पूर्वी या प्रवासाला अख्खी रात्र लागायची, डब्यात सॉसेजचा वास, कुणाच्या तरी टोपलीत जिवंत कोंबडी. आता अडीच तासांच्या आत पोचवतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. पठार मागे पडत होतं, पिवळं, सपाट, कुठे एखादं झाड. दफन पाचला होतं. त्याआधी तिला एकच काम करायचं होतं, आणि ते इतकं साधं होतं की एका वाक्यात झालं असतं. ते नाव मी काढलं. एवढंच. आयुष्यभर वाक्यं लिहून पोट भरलं, पण हे चार शब्दांचं वाक्य तिने कधी, कुठल्याही कागदावर लिहिलं नव्हतं. एलादिओला सांगायचं राहून गेलं होतं. आता राहिली होती ती दोसिंदा, आणि दोसिंदा ऐंशीची होती.

छत्र्यांचं दुकान प्रासा मायोरच्या, म्हणजे गावच्या मुख्य चौकाच्या, खालच्या गल्लीत होतं. ओरेन्सेच्या आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या छत्र्या दुरुस्त करत आणि कात्र्यांना धार लावत देशभर हिंडली. त्यातल्या एकाने, सेवेरिनो कास्त्रेलोने, हिंडणं सोडून दुकान थाटलं. बाल्बिना सात-आठ वर्षांची असेल. आईने तिला छत्रीची मोडकी काडी बसवून आणायला पाठवलं होतं आणि काउंटरमागे सेवेरिनोची मुलगी बसली होती, बारा-तेरा वर्षांची, तोंडात खिळे धरावेत तशा टाचण्या धरून. तिने काडी बसवली आणि छत्री फट्‌कन बाल्बिनाच्या डोक्यावर उघडली. घरात छत्री उघडायची नसते, अपशकुन होतो, बाल्बिना घाबरून खाली बसली. दोसिंदा टाचण्या हातात काढून हसली. म्हणाली, "अगं, आमच्याकडे तर विकायलाच ठेवलाय अपशकुन. घेतेस थोडा?" त्या छत्रीखालचा उजेड हिरवा होता. मेण लावलेल्या कापडाचा वास, आणि वर, काड्यांच्या मधून दिसणारा दोसिंदाचा चेहरा. पुढे अनेक वर्षांनी कादंबरीत बाल्बिनाने हा उजेड तसाच्या तसा घातला. समीक्षकांना तो फार आवडला. एकाने तर लिहिलं की लेखिकेच्या सगळ्या सत्यनिष्ठेचं मूळ या हिरव्या उजेडात आहे.

दोसिंदा पंचविसाव्या वर्षी जिनिव्हाला गेली, एका मोठ्या इस्पितळाच्या धोबीखान्यात. गाडी सुटायच्या आधी बाल्बिना तिला फलाटावर भेटली होती. मला पत्र टाक, तिकडे कसं आहे ते सांग, मलाही यायचंय. दोसिंदा हो म्हणाली. पत्र आलं नाही. धोबीखान्यात बारा तास उभं राहणारी बाई कुणाकुणाला पत्रं लिहिणार, हे आज कळतं. तेव्हा बाल्बिनाला रोज पोस्टमनची वाट बघताना एवढंच कळत होतं की जी निसटली ती निसटली. वर्षभराने तिला स्वतःला गावच्या पेपरात नोकरी लागली. तिथे तीन बायका होत्या, एक झाडणारी, एक फोनवर बसणारी आणि ही. बातम्या लिहायला आलेल्या मुलीला त्यांनी निधनाच्या चौकटींच्या खिडकीवर बसवलं. तिथे बस, रडणाऱ्या माणसाशी बाईमाणूस बरं. लोक यायचे, टोपी काढून, मळक्या कागदावर नावं लिहून आणायचे. ती ते वाचून दाखवायची, नक्कल करायची, मूळ कागद खिळ्यावर टोचून ठेवायची आणि नक्कल आत छपाईच्या खोलीत न्यायची. चौकटींचं पान सगळ्यांत आधी जुळायचं. संध्याकाळी सातला ते बंद.

सेवेरिनो गेला तो मार्चमध्ये. एलादिओ सहाच्या सुमारास खिडकीशी आला, तीस-एकतीस वर्षांचा, केस ओले, छत्री न घेता. छत्रीवाल्याचा मुलगा पावसात छत्रीशिवाय, याचं त्याही परिस्थितीत तिला हसू आलं होतं. त्याने खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्या उभ्या यादी लिहिली. पत्नी. मुलगा एलादिओ. मुलगी दोसिंदा, गैरहजर. भाऊ, वहिन्या, पुतणे आणि इतर आप्त. तिने वाचून दाखवली. तो हो हो म्हणाला, पण ऐकत नव्हता, त्याचं लक्ष सगळं घरी होतं, मेणबत्त्या आणायच्या होत्या. तो गेला. आत पावलिनो मास्तर शिसाचे खिळे जुळवत होते. तो दिवस फार मरणांचा होता. थोड्या वेळाने मास्तर आतून ओरडले, "पोरी, छत्रीवाल्याच्या चौकटीत एक ओळ जास्ती होतेय. सांग कुठली खाऊ. लवकर सांग, मला हे पान द्यायचंय." ती टेबलाशी गेली. ओल्या शाईची उलटी अक्षरं. इतर आप्त ही ओळ खाता आली असती. जागा कमी पडली की तीच ओळ नेहमी काढतात. तिने बोट ठेवलं.

हे बोट तिने इतकी वर्षं निरनिराळ्या प्रकारे आठवलं होतं. उलटी अक्षरं वाचायची सवय नव्हती, म्हणून चुकलं. दिवा मंद होता. मास्तरांनी घाई केली. बोट इतर आप्तांवर ठेवलं आणि मास्तरांनी शेजारची ओळ उचलली. यातल्या प्रत्येक आठवणीला तिने दिवा, आवाज, वास असं सगळं पुरवलं होतं, आणि त्या सगळ्या खऱ्या वाटायच्या. ते तिचं कामच होतं. पण आज गाडी लांबच लांब बोगद्यांत शिरली, खिडकीच्या काचेत डोंगराच्या जागी पंचाहत्तर वर्षांची बाई दिसायला लागली, आणि त्या बाईकडे बघताना तिच्याने यातली एकही आठवण उभी करवेना. ती उलटी अक्षरं महिनाभरात झरझर वाचायला शिकली होती. दिवा चांगला होता. ती ओळ तिने वाचली होती. आणि तिच्या मनात आलं होतं की ती इथे नाहीच आहे. उद्या चर्चच्या दारात कुणी तिचा हात हातात घेणार नाही. तिला काय फरक पडतो? ती तर गेलीच. एवढा एकच क्षण, आणि त्यात न आलेलं पत्र होतं, फलाट होता, आणि एक लहानसं, गोड, गलिच्छ समाधान. ही खा, म्हणाली ती मास्तरांना.

दुसऱ्या दिवशी दहा वाजायच्या आत एलादिओ आला. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. पेपरची घडी फळीवर ठेवून त्याने विचारलं, माझा कागद दाखवा. खिडकीचे प्रमुख म्हणजे चौकटींत चाळीस वर्षं घालवलेले फर्मिन मास्तर. ते बाल्बिनाकडे वळून म्हणाले, काढ गं कालचे कागद. तिने खिळा समोर आणून ठेवला. त्यावर छत्रीवाल्याचा कागद नव्हता. तो तिने सकाळी येताच, कोळशाची शेगडी पेटवताना, तिच्यात घातला होता. रस्त्यात तिने दोन बायका बोलताना ऐकलं होतं, बघितलंस का, सेवेरिनोने पोरीचं नाव टाकलं मरताना. नोकरी जाईल हे एक. आणि दुसरं, जे त्या वयात नोकरीपेक्षाही मोठं होतं, की सगळ्यांना कळेल मी कशी आहे. फर्मिन मास्तर म्हणाले, कागद नाही म्हणजे हरवला असेल, पण लोक देतील तेच आम्ही छापतो, बाळा, आपल्या हातून राहिलं असेल, दुःखात होतं असं. आणि एलादिओ, ज्याने स्वतःच्या हाताने ते नाव लिहिलं होतं, तो फळीकडे बघत उभा राहिला. बाल्बिनाने त्याच्या तोंडावर ते घडताना पाहिलं. तो आठवायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला आठवेना.

दुरुस्ती छापता आली असती. सेवेरिनोच्या बायकोने नको म्हटलं. मेलेल्या माणसाची चौकट दोनदा छापायची नसते, लोक म्हणतील आधी काढलं आणि मग लाजेकाजेस्तव घातलं. तिसऱ्या दिवशी दोसिंदा उतरली. स्टेशनवरच्या बारमध्ये कुणीतरी बाकावर ठेवलेला परवाचा पेपर तिला मिळाला. ती घरी गेली, पेपर टेबलावर ठेवला, विचारलं, कुणी. आई रडायला लागली. एलादिओ म्हणाला, मी लिहिलं होतं, शपथेवर सांगतो. दोसिंदा म्हणाली, दाखव. दाखवायला काही नव्हतं. दुकान आता त्याचं होणार, म्हणून त्याने बहीण पुसली, असं तिने धरलं. आणि त्याच्या अडखळण्यात तिला गुन्हेगाराचं अडखळणं दिसलं. ती परतीच्या गाडीने गेली. हे सगळं शेजारणींनी सांगितलेलं. बाल्बिना त्या दिवसांत जिथे तिथे फक्त ऐकत उभी असायची, आणि कान टवकारून ऐकणारी मुलगी म्हणून तिला पुढच्या वर्षी चौकटींवरून बातम्यांवर घेतलं.

ती चांगली पत्रकार झाली. माद्रिदमध्ये कोर्टकचेऱ्या, बायकांचे तुरुंग, एका महापौराला पायउतार करणारी लेखमाला. तिच्याबद्दल एक गोष्ट प्रसिद्ध होती, ती प्रत्येक नाव तीनदा तपासायची. साक्षीदाराला फोन करून मधल्या आडनावाची खात्री करून घ्यायची. कचेरीत तिची थट्टा व्हायची, "बाल्बिनाला प्रेमपत्र लिहिलंत तर ओळखपत्राची नक्कल जोडा." ती हसायची. चाळिसाव्या वर्षी तिने कादंबरी लिहिली, 'छत्रीवाल्याची लेक'. आपण ती का लिहितोय याचं तिने स्वतःला एक कारण दिलं होतं, की निदान दोसिंदाची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. पण गोष्ट सांगायची तर कारण लागतं, आणि खरं कारण सांगायचं नव्हतं. मग तिने बाजारात ठरलेलं कारणच उचललं. कादंबरीतल्या मुलीला लग्नाआधी मूल होतं, बाप मरताना तिचं नाव टाकायला सांगतो, आणि भाऊ, दुकानावर डोळा ठेवून, आनंदाने ते टाकतो आणि नंतर खोटी शपथ घेतो. पुस्तक दणदणीत खपलं. मुलाखतीत विचारायचे, सुचलं कसं? ती म्हणायची, एका चौकटीत एक नाव नव्हतं, माझ्या लक्षात आलं. लोकांना हे उत्तर फार आवडायचं. पत्रकाराची नजर. ओरेन्सेत तर कुणाला काही विचारायची गरज नव्हती, दुकान ओळखीचं, गल्ली ओळखीची. एलादिओ काउंटरमागे बसलेला असायचा आणि शाळेच्या सहलीतली मुलं काचेला नाक लावून त्याला बघायची.

एकदाच तो तिच्याकडे आला. नगरपालिकेने सत्कार केला होता, पंचवीस वर्षं झाली त्याला, आणि नंतर ती ग्रंथालयात टेबलाशी बसून सह्या देत होती. रांगेत तो होता. साठीचा, टापटीप, हातात छत्री. त्याच्या हातात पुस्तक नव्हतं. त्याची पाळी आली तेव्हा तो जरा वाकला आणि अगदी हळू, मागच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "बाल्बिना, तू त्या दिवशी खिडकीवर होतीस. तू मला वाचून दाखवलं होतंस. मी तिचं नाव लिहिलं होतं का गं?" तो आरोप करत नव्हता. त्याला खरोखर माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तो हे विचारायला कुणाला तरी शोधत होता, आणि मागे रांगेत माणसं उभी होती, फोटोवाला उभा होता. ती म्हणाली, "एलादिओ, इतक्या वर्षांचं कुणाला आठवतंय." तो म्हणाला, "हो, तेही खरंच." आणि छत्री सावरत निघून गेला. पुढे आलेल्या बाईच्या पुस्तकावर बाल्बिनाने सही केली. ती सही थोडी वाकडी आली, इतकंच.

गाडीतून उतरल्यावर तिने टॅक्सीवाल्याला पत्ता सांगितला. तिच्या लहानपणी मेलेलं माणूस घरीच असायचं, स्वयंपाकघरात बायका, दारात पुरुष, मधल्या खोलीत मेणबत्त्या. आता गावाबाहेर त्यासाठी एक इमारत आहे. सोफे, कॉफीचं यंत्र, आणि भिंतीत एक मोठी काच, काचेपलीकडे फुलांमध्ये पेटी. दारावर फळ्यावर नाव लिहिलेलं असतं, पाहुणे चुकू नयेत म्हणून. एलादिओ कास्त्रेलो, खोली चार. आत पंधरावीस माणसं होती. दाराशी पन्नाशीची एक बाई उभी होती, बापासारखंच रुंद कपाळ; तिने बाल्बिनाला ओळखलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"आज वाचकांना आत घेत नाही आम्ही," मारुशा म्हणाली.

बाल्बिना काही बोलायच्या आत कोपऱ्यातल्या सोफ्यावरून आवाज आला, चिरका, पण जुन्या गावठी हेलाचा, जो आता गावात कुणी बोलत नाही. "येऊ दे गं तिला. त्या घरात माझ्यापेक्षा जास्त वर्षं तीच राहिलीये."

गैरहजर बाई आली होती. पेपरात नाव देताना मारुशाला ती येईल असं वाटलंच नव्हतं. दोसिंदा लहानशी झाली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते, अंगात आकाशी रंगाचा कोट. काळं काही नव्हतं, ती म्हणाली, तिकडे कुणासाठी घालणार. तिने शेजारची जागा थोपटली. बाल्बिना बसली. बराच वेळ दोसिंदाच बोलत राहिली, जशा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बोलतात. लग्न केलं नाही. धोबीखान्यात एकतीस वर्षं काढली. गुडघे गेले. पुस्तक तिने वाचलं होतं, फ्रेंचमध्ये, धोबीखान्यातल्या एका पोर्तुगीज बाईने आणून दिलं, हे तुझ्या गावचं आहे म्हणून. त्यातली मुलगी माझ्यापेक्षा देखणी आहे, दोसिंदा म्हणाली, त्याबद्दल आभार. मग तिने विचारलं, त्या मुलीच्या मुलाचं नाव काय ठेवलं होतंस? ब्रेइशो, बाल्बिना म्हणाली. हां, ब्रेइशो. मला तो आवडायचा. मला स्वतःला काही झालं नाही मूलबाळ, पण लोकांनी लावलंच होतं मागे, तर म्हटलं तोच बरा. कधी कधी, ती म्हणाली, त्याचं वय आता काय असेल ते मोजायचे मी.

काचेपलीकडे एलादिओ होता, नाकावर मेणासारखा उजेड. दोसिंदाने तिकडे मान वळवली. दर वर्षी तिच्या नामदिनाला, तिच्या नावाच्या संताच्या सणाला, तो पत्र पाठवायचा, ती न उघडता परत करायची. "काल विमानात मी त्याला माफ केलं," ती म्हणाली. "ढगांतून खाली येताना. म्हटलं, पुरे आता, होता हावरट तर होता, भाऊच होता. त्रेपन्न वर्षं लागली. पण केलं."

आणि तेव्हा बाल्बिनाने सांगितलं. तिने ठरवलेलं ते एक वाक्य सांगितलं आणि त्याला जोडून बाकीचं सगळं, थांबताच येईना. एलादिओचे ओले केस, त्याने उभ्या उभ्या लिहिलेली यादी, मुलगी दोसिंदा, पावलिनो मास्तर, जास्तीची ओळ, बोट. फलाट आणि न आलेलं पत्र. शेगडीत घातलेला कागद. त्याने काही केलं नव्हतं, ती म्हणाली, त्याने लिहिलं होतं तुझं नाव, मी वाचलं होतं, मी काढलं. ती हळू बोलत होती, पण स्वतःचाच आवाज तिला ऐकू येत होता, आणि तो आवाज वाक्यं नीट जुळवत होता, थांबायच्या जागी थांबत होता. ओले केस. कोळसा. ती बोलत असतानाच तिला भीतीने कळलं की हे चांगलं होतंय.

दोसिंदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे एकदोनदा विचारलंही, शेगडी म्हणजे कसली, कोळशाची? आणि ते मास्तर? वारले, बाल्बिना म्हणाली. आणि खिडकीवरचे दुसरे? तेही. म्हणजे सगळेच वारले, दोसिंदा म्हणाली, आणि तिच्या सुरकुत्यांतून एक मऊ, थकलेलं हसू वर आलं. तिने बाल्बिनाचा हात हातात घेतला. "छान जमलंय," ती म्हणाली. "पुस्तकातल्यापेक्षा चांगलं. त्यात बिचाऱ्या एलादिओचा दोषच नाही."

"दोसिंदा, हे खरं आहे. मी शपथ घेते."

"घे की. तुझ्या पुस्तकातल्या भावानेही घेतली होती." ती बाल्बिनाचा हात थोपटत राहिली, समजूत काढल्यासारखी. "माद्रिदहून एवढी आलीस माझ्यासाठी हे घेऊन. मला कळतं गं. तुझ्या पुस्तकाने त्याला त्रास झाला, तो तुला लागला, म्हणून. पण हे तुला तेव्हा सुचायला हवं होतं. मी परत जायच्या आधी स्टेशनवर चार तास बसले होते. कुणीतरी येईल आणि काहीतरी सांगेल, म्हणून. काहीही सांगितलं असतं ना, अगदी हेसुद्धा, तरी मी मानलं असतं. घरी गेले असते."

बाल्बिनाला ते चार तास माहीत नव्हते. ते तिने कुठे ऐकले नव्हते, कुठे लिहिले नव्हते. पेपरची कचेरी स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर होती. एक शेजारीण पुढे आली, दोसिंदाचे गाल चुंबून सांत्वन करायला, आणि बाल्बिना उठून काचेपाशी गेली. मारुशा तिथे आधीच उभी होती. तिने कधीपासून ऐकलं होतं कोण जाणे. ती बापाकडे बघत होती.

"बाबा म्हणायचे, खिडकीवरच्या मुलीने वाचून दाखवलं होतं," मारुशा म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "म्हणायचे, दोसिंदा असं म्हणून ती जरा थांबली होती. ते थांबणं त्यांना आठवायचं, नाव लिहिल्याचं मात्र आठवायचं नाही. डॉक्टरकडे गेले होते ते एकदा, डोकं तपासायला, यासाठी."

बाल्बिना काचेतून एलादिओकडे बघू लागली.

"आत्याला पुन्हा पटवायला जाऊ नका. तिने माफ केलंय म्हणते. माफ करायला काही नव्हतंच, हे तिला कळलं तर ती परतीचं विमान कशी चढेल?" मारुशाने पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून तर नाहीच नाही."

मागे सोफ्यावर दोसिंदा शेजारणीला रंगवून सांगत होती की ही बाल्बिना, रेगेइरोंची, ती लेखिका, आत्ता तिने मला एलादिओची काय गोष्ट सांगितली माहिती आहे, बसल्या बसल्या रचली, त्याचं नाव राखायला. पावसात भिजलेला, ओल्या केसांनी माझं नाव लिहितोय. शेजारणीने डोळे पुसले आणि म्हणाली, कादंबरीवाली ती, तिला काय कठीण. दोघी कौतुकाने काचेकडे बघायला लागल्या. दार उघडलं, दोन माणसं पेटी न्यायला आली, खोलीतली माणसं उठून उभी राहिली, कोट शोधू लागली. बाल्बिना होती तिथेच उभी राहिली आणि कुणालाही दुरुस्त केलं नाही.